वर्गातला झाडू कोणाच्या हाती?



  शिक्षकांसमोरच्या या व्याख्यानासाठी मला विषय मिळाला तो 'वर्गातील आदरयुक्त वातावरण'. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत 'हल्लीच्या पोरांना शिक्षकांचा धाक उरला नाही' हे वाक्य ठरल्यासारखं येतं. आज ते येणार नाही. मुलांनी शिक्षकांशी कसं वागावं यावर आपण पिढ्यानपिढ्या बोलत आलो आहोत. मला बोलायचं आहे ते शाळा मुलांशी कशी वागते याबद्दल. आणि वर्ध्यात उभं राहून हे बोलायचं तर आधी १९३७ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला आपल्या गावात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. समोर काँग्रेसच्या प्रांतांमधले शिक्षणमंत्री, विनोबा, काका कालेलकर, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह, जामिया मिलियाचे झाकिर हुसेन. गांधीजींचा प्रस्ताव असा होता : सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, आणि मुलांच्या हातून जे तयार होईल त्यातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा. झाकिर हुसेन बोलायला उठले आणि त्यांनी भीडभाड न ठेवता सांगितलं की, कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणाच्या क्षेत्रातल्या माणसाला काही नवीन नाही; आणि शाळेनं आपला खर्च आपण काढावा या भागाबद्दलची शंकाही त्यांनी मांडली. गांधीजी समोर बसलेले असताना हे बोलणं झालं. परिषद संपताना अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष झाकिर हुसेन. डिसेंबरात अहवाल आला. त्यात समितीनं इशारा दिला आहे की, पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसण्याच्या मागे लागेल आणि शिक्षण बाजूला पडेल.

या प्रस्तावातून आलेली वर्धा योजना, म्हणजेच नई तालीम, म्हटलं की आपल्याला टकळी आठवते. मला त्या परिषदेतली ही गोष्ट टकळीइतकीच महत्त्वाची वाटते. सभेतल्या सर्वांत मोठ्या माणसाला 'तुमचं हे पटत नाही' असं सांगता येतं आणि सांगणाऱ्यालाच पुढचं काम सोपवलं जातं. आपल्या किती वर्गांत सातवीतला मुलगा उठून 'सर, फळ्यावरचं उत्तर चुकलं' असं म्हणू शकतो? आणि म्हणाला तर पुढे काय होतं? माझ्या मते वर्गातला आदर मोजायला यापेक्षा चांगली फूटपट्टी नाही. शिक्षक गोड बोलतो की कडक, हा स्वभावाचा भाग झाला. कडक शिक्षकाच्या वर्गातही मूल मोकळं असू शकतं आणि 'बाळा, राजा' म्हणणाऱ्याच्या वर्गात ते मुकं बसलेलं असू शकतं. वर्गाची मांडणी कशी केली आहे, कोण कुठे बसतो, कोणतं काम कोणाच्या वाट्याला येतं, कोणाचं नाव कसं पुकारलं जातं, यात आदर असतो किंवा नसतो.

म्हणून मी झाडूपासून सुरुवात करतो.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी वर्ग कोण झाडतो? बहुतेक ठिकाणी मुली. मुलगे त्या वेळी मैदानात असतात. संडासात पाण्याची बादली कोण टाकतो? इथे मात्र आपण जरा चुळबुळतो, कारण उत्तर आपल्याला ठाऊक असतं. गावाच्या कोणत्या टोकाची पोरं त्या कामाला 'आपसूक' पाठवली जातात ते सगळ्या गावाला माहीत असतं. साहेबांच्या चहासाठी घरून कप आणायला कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, तेही माहीत असतं. कोणी कोणाला शिवी दिलेली नसते, हात उगारलेला नसतो. तरीही गावाची सगळी उतरंड सकाळच्या साडेदहाला वर्गात येऊन बसलेली असते.

वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्रामनं याच जागी बोट ठेवलं. ही योजना राबवण्यासाठी हिंदुस्थानी तालीमी संघ १९३८ मध्ये स्थापन झाला. त्याचं काम आर्यनायकम् आणि आशादेवी या दाम्पत्यानं उभं केलं. ते श्रीलंकेतले तमिळ ख्रिस्ती, या बंगाली. दोघं शांतिनिकेतनातून आलेले. त्यांच्या शाळेत सफाई हा अभ्यासक्रमाचा भाग होता. स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र, संडास-सफाई पाळीपाळीनं. पाळीत शिक्षकही असत, ही त्यातली खरी मेख. मूल एकटं झाडतं तेव्हा ती चाकरी होते. शिक्षकाच्या हातात दुसरा झाडू असला की तेच काम दोघांचं होतं, आणि मग जंतू कुठून येतात, सोनखत कसं होतं, उतार कुठे हवा, असे प्रश्न त्यातून निघू लागतात. तिथे चित्रकला शिकवायला १९४४ मध्ये देवीप्रसाद आले. मुलांची चित्रं मोठ्यांच्या मापानं मोजू नयेत, असं ते मानत. तोही याच घरातला विचार.

शिक्षकानं हातानं काम करण्याचा हा विचार गांधीजींच्याही आधीचा आहे, हे इथे नोंदवलं पाहिजे. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की, प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत आणि वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये. वर्ध्याच्या परिषदेच्या ५५ वर्षं आधीची ही मागणी आहे. शिक्षण महाविद्यालयांत आपण फ्रोबेल आणि ड्यूई शिकवतो, शिकवावेतच; पण हे निवेदन नुसतं जयंतीच्या भाषणापुरतं उरलं आहे.

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच मोकळेपणानं मांडली नाही तर वर जे बोललो त्याला अर्थ उरत नाही.

भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत जात तेव्हा त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते परत घेऊन यायचं आणि सकाळी पुन्हा न्यायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा, तेव्हाच पाणी प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या समाजानं हे सोसलं त्या समाजातल्या बापाला तुम्ही १९४० मध्ये किंवा आज सांगितलंत की, 'आमच्या शाळेत तुमचं पोरगं झाडू मारेल, सूत कातेल, खत करेल. यात श्रमाची प्रतिष्ठा आहे,' तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, साहेब, ही प्रतिष्ठा आमच्याकडं सात पिढ्यांपासून पडून आहे. आमच्या पोराले पुस्तक द्या.

हा बाप चुकत नाही. त्याला नई तालीम कळली नाही असं म्हणून पुष्कळांनी हा प्रश्न निकाली काढला. मला ते पटत नाही. श्रमाची प्रतिष्ठा ज्यानं श्रम केले नाहीत त्याला शिकवायची असते. ज्याच्या घरात श्रमाशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्याला इंग्रजी, गणित आणि दहावीचं प्रमाणपत्र नाकारून ती शिकवली तर तो अपमानच. सेवाग्रामची जुनी शाळा पुढे बंद पडली, त्याला अनेक कारणं होती. सरकारमान्य परीक्षा, प्रमाणपत्र आणि नोकरी या वाटेनं गावातले पालक निघाले होते, हे त्यांतलं एक मोठं कारण. आश्रमाच्या परिसरात २००५ मध्ये नई तालीम समितीनं 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा सुरू केली. मराठी माध्यम, शेती, स्वयंपाक, सफाई, सूत, शिवण, आणि त्याबरोबर राज्याचा अभ्यासक्रमही. गावातल्या बापाचं म्हणणं ऐकून घेतल्यावर शाळा कशी बदलते, ते तिथे जाऊन पाहावं. सेवाग्राम पाहायला येणारे बापूकुटीसमोर फोटो काढून परत जातात. शे-दोनशे पावलं पुढे जात नाहीत.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाला तो पाठ असायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. आपण यातला पहिला अर्धा भाग ऐकला. छडी बऱ्याच अंशी गेली. छडीवरचं ते लाडकं गाणं अजून स्नेहसंमेलनात होतं, त्याला इलाज नाही. पण छडीचं उरलेलं काम जिभेनं अंगावर घेतलं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक छळाची फोड केली आहे : टोमणे, नावं ठेवणं, घरच्या परिस्थितीवरून, आईबापांच्या धंद्यावरून किंवा जातीवरून हिणवणं. ही यादी वाचून दाखवली की शिक्षक म्हणतात, 'अहो, एवढं तर चालतंच.' चालतं हेच तर दुखणं आहे. 'ढ' हे एकच अक्षर घ्या. मुळाक्षरांतलं हे एक अक्षर आपण माणसाला चिकटवलं आणि ते मागच्या बाकावर जन्मभर बसून राहिलं.

हजेरीपटाचंही तसंच. शिष्यवृत्तीसाठी जातीचा रकाना लागतो. तो असलाच पाहिजे. पण अर्ज भरायचे दिवस आले की 'एस.सी.वाले उभे राहा, एन.टी.वाले उभे राहा' हे वर्गात मोठ्यानं कशाला? माहिती कार्यालयात असते, पालकांना बोलावता येतं, चिठ्ठी देता येते. पारधी बेड्यावरून आलेल्या मुलाला तर उभं राहायचीही गरज नसते. कोणाची पेन्सिल हरवली की सगळा वर्ग त्याच्याकडे पाहतो आणि कधी कधी शिक्षकही पाहतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये ज्या कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मुलांच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही, कारण तिथे तो कोणी रद्द केलाच नाही. हे काम एका तासाचं आहे : पेन्सिल हरवली तर दप्तरं तपासायची नाहीत, शाळेच्या डब्यातून दुसरी द्यायची, असा वर्गाचा नियमच करून टाकायचा. पाच रुपयांची पेन्सिल जाते, जाऊ द्या.

आता भाषेबद्दल. या मुद्द्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे चांगले, कष्टाळू शिक्षकही अजाणता घाव घालतात.

दिवाळीनंतरचे दिवस. आपल्याकडे वेचणीचा हंगाम. तीन दिवस गैरहजर राहिलेला चौथीतला मुलगा उभा आहे. 'का रे, कुठे होतास?' तो सांगतो, 'मॅडम, मायसंग कापूस वेचाले गेलतो.' वर्ग फिसकन हसतो. मॅडम म्हणतात, 'वेचाले नाही, वेचायला. मायसंग नाही, आईबरोबर. म्हण.' तो म्हणतो. खाली बसतो. व्याकरण दुरुस्त झालं. पण त्यानं जे सांगितलं ते कुणी ऐकलंच नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर तीन दिवस वावरात वाकून कापूस वेचत होतं. आई एकटी होती म्हणून, की वेचाई देऊन मजूर लावणं परवडत नव्हतं म्हणून? तो उद्या येणार आहे की नाही? बोटांना बोंडाच्या टोकांनी चरे पडले आहेत, त्या बोटांनी तो कसा लिहितो? एवढी बातमी त्या पाच शब्दांत होती आणि आपण त्यातला 'ले' तेवढा पकडला.

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. ती मुलाला आलीच पाहिजे. अर्ज, मुलाखत, न्यायालय, सगळं तिच्यात चालतं. पण घरची बोली पुसून तिच्या जागी ती बसवता येत नाही. आधी त्याच्या बोलीत ऐकायचं, उत्तर द्यायचं, आणि लिहिताना 'पुस्तकात आपण हे असं लिहितो' म्हणून शेजारी दुसरं रूप ठेवायचं. दोन्ही रूपं त्याचीच आहेत. फलटणमध्ये डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी तिथल्या लोकांच्या बोलण्यातल्या वैविध्याचा आधी अभ्यास केला आणि नंतर १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा काढली. मुलांच्या बोलीला तिथे दारात थांबवलं जात नाही. आणि आपल्याकडे तर लाज वाटायचं काही कारणच नाही. मराठी गद्याचा मोठा आद्यग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला लिहिला गेला. ज्या मातीत मराठी गद्य उभं राहिलं त्याच मातीतल्या पोराला आपण सांगतो की तुझी मराठी अशुद्ध आहे!

वऱ्हाडी बोलणाऱ्याची ही गत, तर कोलाम पोडावरच्या मुलाचं काय? त्याची कोलामी मराठीच्या कुळातलीच नाही. ती द्रविडी भाषा. पहिलीत तो गप्प बसतो त्याला आपण 'लाजाळू' किंवा 'मंद' म्हणतो. एखाद्या मराठी माणसाला तेलुगू वर्गात बसवा आणि तो किती चुणचुणीत दिसतो ते पाहा.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या जिल्ह्याची. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मदतीची योजना जाहीर केली, त्या सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. त्या दौऱ्यात ते आपल्या वायफडलाही आले होते. त्यावर समित्या बसल्या, अहवाल झाले. आत्महत्या झालेल्या घरांतली मुलं कोणत्या तरी शाळेत बसलेली होती आणि आजही बसतात, यावर मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक तास ठेवलेला मला आढळला नाही. निबंधाचा विषय येतो : 'माझे बाबा'. आमच्या एक सहकारी शिक्षिका हा विषय फळ्यावर कधीच लिहीत नसत. त्या लिहीत, 'आमच्या घरातलं एक माणूस'. कोणी आजीवर लिहायचं, कोणी मामावर, आणि वडिलांवर लिहायचं असेल त्याला वाट मोकळीच. विषय बदलल्याचं कारण त्यांनी वर्गाला कधी सांगितलं नाही. 'बिचारा' हा शब्दही त्या वर्गात कोणी ऐकला नाही. सहानुभूती सगळ्यांसमोर दाखवली की तीही मुलाला वर्गापासून वेगळं काढते, हे त्यांना कळलं होतं. अर्जावर 'वडिलांची सही' असेल तिथे त्या पेनानं 'पालकांची' करून घेत. परिपत्रकाची वाट त्यांनी पाहिली नाही.

'हे सगळं ठीक आहे, पण धाकाशिवाय वर्ग चालत नाही,' असं प्रश्नोत्तरांत कोणी तरी म्हणेलच, म्हणून आधीच बोलून टाकतो. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. प्रत्यक्षात कुठे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तर कुठे शहरातल्या खासगी शाळेत एका खोलीत साठ पोरं असतात. साठ जणांना एका माणसानं गप्प बसवायचं तर धाक लागतो, हे मला मान्य आहे. पण मग तो धाक संख्येची सोय आहे, हे तरी मान्य करू. त्याला संस्काराचं नाव देऊ नका. आणि मुलांना नियम पाळता येत नाहीत हे खरं नाही. त्यांनी स्वतः केलेले नियम ती आपल्यापेक्षा कठोरपणे पाळतात. बालसभेत एकदा मुलांना दंड ठरवायला सांगून बघा. तुम्हालाच मध्ये पडून तो कमी करावा लागेल. बालसभा मात्र खरी हवी. शिक्षकाविरुद्ध तक्रार मांडता येत नसेल आणि तिचं उत्तर शिक्षकाला सभेतच द्यावं लागत नसेल, तर ती बालसभा म्हणजे नुसता शनिवारचा कार्यक्रम.

शेवटचा मुद्दा आपला, शिक्षकांचा.

शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ च्या वाढीपर्यंत महिन्याला ६००० रुपये मिळत होते. त्याच गावातला मिस्त्री त्याहून अधिक कमवत होता आणि गाव ते शिक्षकाला ऐकवतही होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बाकीची अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं लिहिलं आहे. पोषण आहाराच्या नोंदी, फोटो, लिंक आणि 'आजच्या आज माहिती सादर करा' यांत त्याचा दिवस कसा जातो ते तुम्ही जाणता. आणि मग आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याच्या शिक्षण परिषदेत शाळांची नावं घेऊन निकालाचे आकडे वाचले जातात. ज्यांचे आकडे खाली, त्यांना उभं केलं जातं. चाळिशी-पन्नाशीची माणसं, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, वीस-पंचवीस सहकाऱ्यांसमोर खाली मान घालून उभी असतात. ज्या वर्गात हे घडतं तो वर्ग मोठ्यांचा, एवढाच काय तो फरक. तिथे जे शिकवलं जातं ते दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथीच्या वर्गात जसंच्या तसं पोचतं.

जिल्हा परिषदेचे काही पदाधिकारी आणि शिक्षण विभागातले अधिकारी आज समोर बसले आहेत. त्यांच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत, आणि दोन्हींना निधी लागत नाही. शिक्षण परिषदेत शाळेचं किंवा शिक्षकाचं नाव घेऊन निकाल वाचणं येत्या सत्रापासून थांबवा. ज्याचा आकडा खाली आहे त्याच्या शाळेत जा, त्याच्या वर्गात एक दिवस बसा आणि मग त्याच्याशी बोला. आणि परिषदेचा पहिला अर्धा तास शिक्षकांच्या अडचणींना द्या. अडचणी इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या महिन्यात त्या इतिवृत्ताच्या वाचनापासून सुरुवात करा : कोणत्या सुटल्या, कोणत्या नाही आणि का नाही.